घरची यंत्रे : इंजिनातली काजळी

लातूरच्या एका बाईंचे पत्र गणपती उठले त्याच आठवड्यात माझ्या हाती पडले. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. तीस-एक वर्षे मुलींना गणित शिकवून आता निवृत्त आहेत. पत्र गणिताच्या उत्तरासारखे नेमके होते. “१९९५ सालची बजाज चेतक आहे. यजमानांची. ते गेल्यापासून मीच चालवते. हल्ली चढावर दम सोडते, तापते, आणि बंद केली तरी क्षणभर फटफटत राहते. मेकॅनिक म्हणतो, बोर गेला, आता पैसे घालू नका, भंगारात काढा, मीच घेतो. चिरंजीव पुण्याहून म्हणतात, आई, देऊन टाक. नोंदणीची मुदत दिवाळीनंतर संपते. इंजिन खरोखर संपले का, एवढेच कळवावे.”

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मिक्सरच्या पात्यांची आणि पाण्याच्या मोटारीची असतात. एखादे यंत्र जगवावे की मोडीत काढावे, असा सवाल घेऊन येणारे पत्र विरळा. शिवाय दोन ओळींत बाईंनी जी लक्षणे लिहिली होती ती एखाद्या जुन्या वैद्याने लिहावीत इतकी चोख होती. मी पत्र खिशात घातले आणि नांदेडच्या देगलूर नाक्याकडे निघालो.

तिथे एक उस्ताद आहेत. स्कूटरच्या धंद्यात मालकाला उस्ताद म्हणतात आणि हाताखालच्या पोराला छोटू, मग त्या छोटूला मिसरूड फुटून चार वर्षे झाली असली तरी. या उस्तादांनी व्हेस्पा, लॅम्ब्रेटा, राजदूत, येझदी, लूना, सगळ्यांची पोटे उघडून पाहिलेली आहेत. मी पत्र वाचून दाखवले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही की माझ्याकडे पाहिलेही नाही.

“साहेब, बाईंना येवढंच इचारा, किक जड लागते का हलकी? जड लागत आसंल तर बोर कशाचा जातोय? आन् बंद केल्यावर बी चालते म्हन्तात ना? मग कार्बन हाय तो. निस्ता कार्बन.”

तिथूनच मी बाईंना दूरध्वनी केला. “बाई, किक कशी लागते हो?”

“जड लागते. उजवा गुडघा बोलतो माझा,” त्या म्हणाल्या.

उस्ताद हसले. “मग गुडघा दाखवा म्हनावं डॉक्टरला. इंजिन बरं हाय.”

आता हा कार्बन म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. तिला आपण काजळी म्हणतो. ज्यांच्या घरी वीज उशिरा आली त्यांना कंदिलाची काच आठवत असेल. वात बेताची ठेवली की ज्योत पिवळी, स्वच्छ. उजेड जास्त हवा म्हणून वात वर काढली की ज्योत धूर ओकू लागे आणि घटकाभरात काच काळी. सकाळी ती राखेने पुसायची पाळी घरातल्या धाकट्या मुलाची. तेल पुष्कळ आणि हवा अपुरी असली की तेल पुरते जळत नाही, त्यातला कोळसा मागे उरतो, एवढाच त्यामागचा न्याय. आपल्या आज्या याच न्यायाचा उपयोग करून काजळ धरीत. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचे भांडे उपडे धरायचे, आणि जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची. गंमत अशी की जगप्रसिद्ध कॅस्ट्रॉल तेलाचे नावही एरंडावरूनच पडलेले आहे. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, आणि १९०९ साली त्या तेलात एरंडेल मिसळूनच ते विकायला काढले होते. तेव्हा डोळ्यांतले काजळ आणि इंजिनातले काजळ यांची सोयरीक वाटते त्याहून जवळची आहे.

सगळ्याच इंजिनांत थोडीफार काजळी धरते, पण चेतकसारख्या जुन्या स्कूटरींच्या इंजिनाला तिची विशेष ओढ. त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. मोटारगाडीच्या इंजिनात वंगणाचे तेल निराळे आणि जळायचे पेट्रोल निराळे. या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात मात्र वंगण पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. पेट्रोलबरोबर ते आत जाते, जाता जाता सांधे ओले करते, आणि शेवटी त्याच्याबरोबरच जळते. किंवा जळायला हवे असते. जोसेफ डे नावाच्या इंग्रजाने इंग्लंडातल्या बाथ शहरी १८९१ साली या तऱ्हेच्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना उघडणारे दांडे नाहीत. पिस्टन वरखाली होताना बाजूची भोके स्वतःच उघडतो आणि झाकतो. इतके साधे यंत्र दुसरे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा घडवली तीही याच इंजिनावर. तीच व्हेस्पा परवान्याने बजाजने पुण्यात बांधली, आणि परवाना संपल्यावर १९७२ साली आपल्या नावाने चेतक काढली. मराठवाड्यात तर पुढे १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखानाच आला. हुंड्याच्या यादीत, बँकेच्या कर्जाच्या अर्जात आणि गुढीपाडव्याच्या हळदीकुंकवात एकाच वेळी जागा असलेले असे वाहन दुसरे झाले नाही. (हुंड्याचा उल्लेख अभिमानाने केलेला नाही, हे सांगायला नको.)

तर साधेपणाची किंमत म्हणून हे इंजिन काजळी धरते. ती तीन ठिकाणी बसते. एक, पिस्टनच्या डोक्यावर आणि त्याच्यावरच्या हेडच्या पोकळीत. दोन, धूर बाहेर जाण्याच्या भोकात. तीन, सायलेन्सरच्या पोटात. चेतकच्या सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव दोन्ही ५७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढा सगळा संसार. त्यात दोन मिलिमीटरचा थर बसला तरी तो मोठा. धुराचे भोक आवळले की जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, तो आत राहिला की ताज्या हवेला जागा होत नाही, आणि गाडी, नाक चोंदलेला माणूस जिना चढावा तशी, चढावर दम टाकते. पिस्टनवरची काजळी तापून निखाऱ्यासारखी लाल होते. मग प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच ती पेट्रोल पेटवते. बंद केलेली गाडी क्षणभर फटफटत राहते ती या निखाऱ्यामुळे. बाईंच्या पत्रातली तिन्ही लक्षणे इथे एका जागी येतात.

बोर गेला, म्हणजे सिलिंडर झिजून सैल झाला, तर चित्र वेगळे असते. दाब निसटतो, किक लोण्यासारखी खाली जाते, आणि गाडी मुळात चालूच व्हायला नाखूश असते. उस्तादांनी नांदेडात बसून निदान केले ते या एवढ्या आधारावर. परंतु हेही सांगितले पाहिजे की काजळीच्या थराने आतली जागा कमी होऊन किक थोडी अधिक जड लागू शकते. म्हणून केवळ किकेवर निकाल देऊ नये, उघडून डोळ्यांनी पाहावे. तेव्हा दसरा झाल्यावर मी लातूरला जायचे ठरवले.

नांदेडहून लातूरला जायचे म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. एस्टीने जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीनची रास पडलेली दिसते आणि खळ्यांवर मळणीयंत्रे धूर सोडीत असतात. आमच्या या भागात इंजिनाशी माणसांची जुनी ओळख आहे. वीज शिवारात पोहोचण्यापूर्वी विहिरीवर तेलाचे इंजिन असे आणि त्याच्या आवाजावरून कोणाच्या मळ्यात पाणी चालू आहे ते गाव ओळखत असे. किर्लोस्कर घराण्याने १९२० पासून मराठी वाचकाला मासिक दिले आणि १९४६ पासून तेलाची इंजिने बनवणारा वेगळा कारखाना काढला. एकाच घराने वाचायलाही द्यावे आणि शेताला पाणीही द्यावे, असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

बाईंचे घर औसा रस्त्याच्या बाजूला आहे. अंगणात पारिजातकाखाली चेतक उभी होती. चहा होईपर्यंत बाईंनी तिची कहाणी सांगितली. यजमानांनी ती शिकवली तेव्हा गल्लीतल्या बायका खिडकीत उभ्या राहून पाहत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती ‘जलदूत’ गाडी एप्रिलात तिनशे चाळीसेक किलोमीटर पाणी ओढून आणीत होती हे वाचकांना आठवत असेल. त्या दिवसांत बाई पहाटे उठून बहिणीच्या घरच्या बोअरवरून पाणी आणीत. पुढच्या सपाट फळीवर, दोन पायांच्या मध्ये, वीस लिटरचा डबा. “मोटारसायकलवर तो डबा ठेवायला जागाच नसते हो,” बाई म्हणाल्या. “आणि आता मी गाडी विकली तर उद्यापासून प्रत्येक गोष्टीला कोणाची तरी वाट पाहावी लागेल. दवाखान्याला शेजाऱ्यांची, बँकेला भाच्याची. मुलगा रोज फोन करतो, चांगला आहे. पण तो पुण्याला आहे.”

हे ऐकल्यावर पाने बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाईंचा भाचा मदतीला आला होता.

आता काम कसे झाले ते तपशिलाने सांगतो, कारण ज्यांच्या दारात अजून टू-स्ट्रोक गाडी आहे त्यांना ते उपयोगी पडेल. इंजिन पूर्ण थंड असावे. उजव्या बाजूचे डबे काढले, प्लग काढला, इंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढले की हेडचे चार नट दिसतात. ते एकदम एकेक सोडवायचे नाहीत. समोरासमोरचे दोन थोडे सैल, मग दुसरे दोन थोडे सैल, असे फिरत जायचे. नाहीतर ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होते. हेड हाती आल्यावर भाच्याने आतला भाग पाहून “मावशी, तवा आहे हा!” असे उद्गार काढले. उपमा बरोबर होती. आंबोळ्या करून करून ज्याचा तळ कोणी घासलाच नाही अशा तव्यासारखे ते दिसत होते.

काजळी खरवडायला पोलादी पेचकस वापरण्याचा मोह होतो आणि बहुतेक गॅरेजांत छोटू तेच करतो. ते करू नये. पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ; पोलादाचा एक ओरखडा पडला की पुढची काजळी तिथे घट्ट बसते आणि ती खाच तापून निखाऱ्याचे कामही करते. कडक लाकूड, बांबूची तासलेली पट्टी किंवा पितळ चालते. बाईंनी स्वयंपाकघरातून झिजलेले पितळी उलथने आणून दिले आणि त्याने कोणत्याही विकतच्या हत्यारापेक्षा चांगले काम केले. आधी पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणला, पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीत ग्रीसचे बोट फिरवले, म्हणजे सुटलेले कण फटीत न जाता ग्रीसला चिकटतात. मग डोके खरवडून घेतले, चिंधीने पुसले, शेवटी डिझेलच्या बोळ्याने. पेट्रोलने पुसणारे लोक मी पाहिले आहेत. अंगणात देवापुढची उदबत्ती जळत असताना हा उद्योग करू नये. ग्रीस पुसून पिस्टन खाली नेला तेव्हा सिलिंडरची भिंत दिसली. मी बोट फिरवले, बाईंनाही फिरवायला सांगितले. गुळगुळीत होती. वरच्या काठाशी नखाला अडेल अशी कड नव्हती, उभे चरे नव्हते. बोर शाबूत होता.

मग धुराचे भोक. त्यासाठी सायलेन्सर काढावा लागतो आणि या गाडीत मागचे चाक काढले म्हणजे तो सुखाने निघतो. भोकाची अवस्था पाहून मात्र मीही थबकलो. जिथे अंगठा जावा तिथे करंगळी जात होती. या भोकातून पिस्टनच्या रिंगा दिसतात. काडेपेटीतली काडी घेऊन रिंग हलकेच दाबायची. ती स्प्रिंगसारखी आत जाऊन परत आली तर मोकळी आहे. दगडासारखी बसून राहिली तर काजळीने खाचेत घट्ट धरली आहे, आणि मग सिलिंडर उतरवावा लागेल. बाईंच्या दोन्ही रिंगा मोकळ्या होत्या. ताज्या हवेच्या भोकांत चिंध्या कोंबून, पिस्टन खाली ठेवून, हे भोक बाहेरच्या बाजूने कोरून काढले. वाटीभर काळा भुगा निघाला. भाचा तो कुंडीत टाकायला निघाला होता, त्याला परावृत्त केले.

सायलेन्सरचे पोट हाताने साफ होत नाही. त्याला दोन उपाय. एक कॉस्टिक सोड्याचे पाणी आत भरून रात्रभर ठेवणे. हा सोडा कातडी जाळतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. तो लोखंडाला फारसा त्रास देत नाही पण ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो, म्हणून हेड किंवा पिस्टन चुकूनही त्यात बुडवू नये. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरात मी हा उपाय सुचवणार नाही. दुसरा उपाय जुना, लोहाराच्या भट्टीचा. आम्ही तो पत्करला. गंज गोलाईला, जिथून सोळा रस्ते फुटतात त्या गोल बाजारापासून आत एका गल्लीत भट्टी मिळाली. सायलेन्सर तापवला तसा त्याच्या दोन्ही तोंडांतून दाट, पिवळट धूर निघाला, मग बारीक ज्योत, मग काही नाही. थंड झाल्यावर लाकडी हातोडीने ठोकला तर आतून खापऱ्या पडत राहिल्या. उतरताना वजनात फरक कळत होता.

भट्टीपाशी उभे असताना मी बाईंना विचारले की तेल कुठले घालता आणि किती. त्यावर सगळा उलगडा झाला. पूर्वी पेट्रोल पंपावर टू-टी तेलाचा वेगळा हातपंप असे. माणूस दांडा फिरवून मापात तेल सोडी. टू-स्ट्रोक गाड्या कमी झाल्या तसे ते पंप उठले. मग बाई किराणा दुकानाशेजारच्या एका दुकानातून ‘स्कूटरचे तेल’ मागून आणू लागल्या आणि त्याने दिले ते चार फेऱ्यांच्या मोटारसायकलचे तेल. ते जळण्यासाठी केलेलेच नसते. त्यात घातलेली द्रव्ये जळाल्यावर राख मागे ठेवतात. आणि माप? “अंदाजाने घालते,” बाई म्हणाल्या, “फोडणीला घालतो तसे. कमी पडून इंजिन धरू नये म्हणून थोडे जास्तच.” गणिताच्या बाईंनी असे म्हणावे याचे मला हसू आले, त्यांनाही आले. या गाडीला लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी तेल पुरते, म्हणजे शेकडा दोन. १९६०-७० च्या जुन्या गाड्यांना शेकडा पाचपर्यंत लागे, आणि ‘जरा जास्त तेल बरे’ ही समजूत त्या काळापासून चालत आली आहे. त्यात बाईंची रोजची धाव मंडईपर्यंतची. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते, आणि थंड इंजिनात काजळी लवकर धरते. औषधाच्या बाटलीचे माप वापरा, एवढे सांगून तो प्रश्न मिटला.

तेलाच्या जोडीला भेसळीचाही विचार केला पाहिजे. रॉकेल मिसळलेले पेट्रोल नीट जळत नाही आणि काजळी दुप्पट करते. एके काळी रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, म्हणून हा धंदा जोरात होता. तो किती क्रूर होऊ शकतो हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ भेसळ रंगेहाथ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या लोकांनी जिवंत जाळले. इंजिनातला काळा थर पाहताना मला हे नाव आठवते. पेट्रोल चांगल्या, गर्दीच्या पंपावरच भरावे, पावती घ्यावी, आणि शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागावी. ती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि पंपावर तो कागद ठेवणे बंधनकारक आहे.

जोडणी संध्याकाळी झाली. नट उलट क्रमाने, तिरपे तिरपे, तीन-चार फेऱ्यांत आवळले. बाईंनी प्रथेप्रमाणे गाडी एकदा बाजूला वाकडी केली, सरळ केली आणि किक मारली. पहिल्या पाच मिनिटांत इतका धूर निघाला की शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली. तो सायलेन्सरमधला उरलेला ओलावा आणि तेल. त्याने घाबरू नये. मग धूर विरळ झाला आणि आवाज बदलला. पूर्वी तो घशात अडकल्यासारखा होता, आता खणखणीत टकटक ऐकू येऊ लागली. बाई एकट्याच औसा रस्त्याने चक्कर मारून आल्या. काही बोलल्या नाहीत, गाडी स्टँडला लावली आणि बंद केली. ती तिथल्या तिथे थांबली. फटफट नाही.

ज्याने बोर गेला म्हणून सांगितले त्या मेकॅनिकविषयी बाईंच्या भाच्याने बरेच काही सुनावले. मला तेवढा राग आला नाही. भंगारात घेऊन सुटे भाग विकण्याचा त्याचा विचार असेलही. पण दुसरी बाजू अशी की कार्बन काढायला अर्धा दिवस जातो, नवा भाग एकही लागत नाही, आणि ‘नुसते साफ केले’ याचे पाचशे रुपये द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते. नवा पिस्टन बसवला की बिल दिसते, कष्ट दिसत नाहीत. आपण मेहनतीचा मोबदला देत नाही, भागाचा देतो. मग मेकॅनिक भाग विकतो. देगलूर नाक्याच्या उस्तादांना मी निदानाचे पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले आणि मला ते बरे वाटले.

आता एक अप्रिय गोष्टही बाईंना सांगितली, ती इथेही सांगतो. टू-स्ट्रोक इंजिन कितीही साफ केले तरी हवेच्या दृष्टीने ते सज्जन नाही. ताजे पेट्रोल आत येते त्याच वेळी धुराचे भोक उघडे असते, त्यामुळे बराच हिस्सा न जळताच बाहेर जातो. २००० सालानंतरच्या कडक नियमांत ही इंजिने टिकली नाहीत ती याच कारणाने, आणि २००५ च्या सुमारास चेतकचे उत्पादनही थांबले. पुढे जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली. तिच्यात काजळी धरायला जागाच नाही. बाईंनी ऐकून घेतले. “ती घेईन तेव्हा घेईन,” त्या म्हणाल्या. “दिवसातून चार किलोमीटर फिरणाऱ्या म्हातारीचा धूर किती असेल ते गणित मी करून पाहिले आहे.” उत्तर किती आले ते सांगितले नाही. पी.यू.सी. मात्र दुसऱ्याच दिवशी काढली, ती निघाली, आणि एम. एच. २४ चा तो जुना क्रमांक नूतनीकरणाच्या तपासणीला आठवड्याने हजर झाला. आणखी पाच वर्षांचा कागद मिळाला आहे.

चार फेऱ्यांच्या नव्या मोटारसायकली आणि स्कूटर असणाऱ्यांनी हा लेख वाचून हेड उघडायला बसू नये. त्यांत तेल जळत नाही. जळू लागले तर तो वेगळा रोग आहे. हल्ली मोठ्या शहरांत यंत्र जोडून, वायू सोडून ‘इंजिनचा कार्बन काढून देतो’ अशी दुकाने निघाली आहेत. चांगल्या चालणाऱ्या गाडीला त्याची गरज असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हवेची जाळी वेळेवर बदलावी. मराठवाड्यातल्या धुळीत तर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या थोडी आधीच. प्लग काढून पाहावा. त्याचे टोक दुधाच्या चहाच्या रंगाचे असेल तर सगळे ठीक. कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळे आणि ओले असेल तर तेलाकडे पाहा. दोन मिनिटांचे काम आहे आणि कोणालाही जमते.

गावाकडे ज्यांचे भाऊबंद पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप वापरतात त्यांनी मात्र त्यांना एक निरोप द्यावा. बहुतेक पंपांचे इंजिन टू-स्ट्रोकच असते, आणि कित्येकांच्या सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली असते. ती काजळीने बुजली की पंप उचल घेत नाही, आणि शेतकरी कार्ब्युरेटर खोलत बसतो. ती जाळी आधी काढून घासावी. बाईंच्या भाच्याने हे ऐकून चाकुराजवळच्या आपल्या काकांना तिथल्या तिथे फोन लावला; त्यांचा पंप पोळ्यापासून पडून होता म्हणे.

शिवणयंत्राच्या सुटणाऱ्या टाक्यांविषयी आलेल्या पत्रांना उत्तर पुढील अंकी.